वाचनालयाच्या भिंतीवर सहाच चेहरे बसतात. विदर्भातले गाणारे-वाजवणारे कोण घ्यावेत?

खारपाण

नमस्कार मंडळी. दर्यापूर तालुक्यातलं आमचं गाव, वस्ती अडीच हजाराच्या आसपास. शेती करून उरलेल्या वेळात मी वाचनालयाचं बिनपगारी सचिवपण सांभाळतो. वाचनालयाची रस्त्याकडची भिंत यंदा रंगवायची आहे. बावीस फूट लांब. मागे तिच्यावर पुढाऱ्यांचे चेहरे काढायचे ठरलं होतं. कोणाचा पुढारी मधात येणार यावरून दोन पार्ट्या पडल्या आणि भिंत तीन वर्षं तशीच राहिली. म्हणून या वेळी मीच म्हटलं, बाप्पा, गाण्याबजावण्यातली माणसं घ्या, तिथं तरी भांडण होणार नाही. चुकलंच माझं.

पेंटर अंजनगावचा आहे. एका चेहऱ्याचे दीड हजार सांगतो आणि सहाच्या वर बसत नाहीत म्हणतो. शिवाय आमचा खारपाणपट्टा, म्हणजे खाऱ्या पाण्याचा भाग. भिंतीच्या खालच्या दोन फुटांना लोणा लागून पोपडे सुटतात, तिथं काही काढलं तर पुढच्या पावसाळ्यात माझं नाव घेऊ नका, असं त्यानं आधीच बजावून ठेवलंय.

आतापर्यंतची यादी अशी. तुकडोजी महाराज, यावर कोणाचं दुमत नाही. डॉ. वसंतराव देशपांडे, कारण २ मे १९२० ला त्यांचा जन्म आपल्या मुर्तिजापुरात झाला, आमच्यापासून तासाभराचा रस्ता. गावातल्या पोरांना नाव सांगितलं तर ‘कोण डॉक्टर? कोणत्या दवाखान्यात?’ असा प्रश्न आला. मला मात्र या माणसाचं फार अप्रूप आहे. नागपुरात शंकरराव सप्र्यांकडं शिकला, १९३५ साली सिनेमात बालकृष्ण झाला, आणि पुढं लष्कराच्या हिशेबखात्यात आकडे लिहीत बसला. ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकातला खाँसाहेब रंगभूमीवर आला तो १९६७ साली, म्हणजे वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. मी चव्वेचाळीसचा आहे. असो.

सुरेश भट पाहिजेत, असं आमच्या कमिटीतल्या सरांचं म्हणणं. गाडगेबाबांवर वाद आहे: ते संत, त्यांना गाणाऱ्यांत कसं बसवता? आणि पोरांना अमरावतीचा रॅपर पाहिजे.

माझी अट एकच आहे. किती मोठा झाला, किती बक्षिसं मिळाली ते सोडा. त्याच्यामुळं आपल्या खेड्यापाड्यातल्या कोणी हातात वाद्य घेतलं का, तोंड उघडलं का, ते सांगा. नावं सुचवा, पण कारणासकट.

खंजिरीवाला, तिवसा

भाऊ, तुमची अट वाचली अन् हसू आलं. त्या अटीत बसनारा मीच हाय. तिवसा तालुक्यातला, वय सदुसष्ट. चाळीस वर्सं झाली, गावच्या, तुकडोजी महाराजाच्या गुरुदेव सेवा मंडळात खंजिरी वाजोतो. माह्यी खंजिरी माह्या बापाची. ११ ऑक्टोबर १९६८ ले महाराज गेले तवा मी दहा वर्साचा होतो. बातमी आली तसा बाप रातीच बंडी जुपून मोझरीले, महाराजाच्या आश्रमात गेला. तिसऱ्या दिवशी वापस आला, खंजिरी खुटीले टांगली अन् दिवाळी होयेपर्यंत तिले हात लावला नाई. माय म्हने का वाजवा थोडी, घर कसं सुनं सुनं वाटते. तो म्हने, थांब.

मंग मी चोरून काढली. तेथून लागलो.

लोकाईले वाटते खंजिरी म्हणजे डफड्याचं लेकरू. तसं नाई. सागाचं कडं, त्यात पितळेच्या चकत्या, वरतून बकरीचं कातडं. पावसाळ्यात कातडं ढिलं पडते, वाजवलं तर भद्द आवाज येते. मंग पऱ्हाटीचा जाळ करा, त्यावर दुरून फिरवा, बोटानं टिचकी मारून पाहा, आणखी फिरवा. नखाएवढं जास्त तापलं का तडकलंच समजा. माह्या हातानं तीन फाटल्या. आता प्लास्टिकची भेटते. तिले पावसाचं काही समजतच नाई, बारा मयने एकसारखी वाजते. पोट्टे खुश हायेत. मी आपला जाळ करतो.

आता महाराजाचं सांगतो. त्याईचं भजन आयका, ध्रुपद लगेच वापस येते. दोन वळी झाल्या का पुन्हा ध्रुपद. ज्याले अक्षर वाचता येत नाई तोही दुसऱ्या फेऱ्यात सोबत म्हणते. हे सोपं वाटते, करून पाहा म्हणजे समजते. अर्धी भजनं हिंदीत हायेत, कारण हा माणूस देशभर फिरला, १९५५ ले जपानातल्या परिषदेले जाऊन आला. घरचं नाव माणिक बंडोजी इंगळे, गाव यावली, साल १९०९. राष्ट्रसंत म्हणाले ते राजेंद्रबाबू.

अन् १९४२ विसरू नका. ‘झाड झडुले शस्त्र बनेंगे, पत्थर सारे बॉम्ब बनेंगे’ हे भजन होतं. १६ ऑगस्टले चिमूर पेटलं. महाराजाले पकडलं, नागपूरच्या अन् रायपूरच्या जेलात ठेवलं. भजनापायी सरकारनं माणूस आत टाकला. गवयाले याच्याहून मोठं सर्टिफिकिट कोन देईन?

एक डाव पुण्यतिथीले मोझरीले याच. दुपारी ४ वाजून ५८ मिनिटाले मौन असते. लाखावर लोकं उभे, अन् आवाज नाई. मी पंधरा-वीस वर्सं झाली मंडपाच्या कडेले उभा राह्यतो. त्या वक्ती खंजिरी काखेत धरली तरी चकत्या वाजतीन म्हणून मी ती खाली मातीत ठेवतो. समदे वाजवनारे तसंच करते.

गाडगेबाबाचं म्हणाल तर त्याईले गवई म्हणू नका, मले मान्य हाय. पण १९५६ सालचं वांद्र्याचं कीर्तन रेकॉर्ड झालेलं हाय, ते आयका. बाबा सवाल टाकते, लोकं जवाब देते. बाबा ‘गोपाला गोपाला’ उचलते अन् समदा जमाव ‘देवकीनंदन गोपाला’ म्हणत येते. त्याच वर्सी २० डिसेंबरले बाबा गेले. आवाज पाहा त्या म्हाताऱ्याचा! बिनपेटीचा माणूस, पण मांगं हजार गळ्याचा साथीदार. अन् बोलनं सारं आपलं वऱ्हाडी. आपली बोली स्टेजावर चालते हे आमाले बाबानं शिकोलं. मुंबईवाल्याले समजो का न समजो.

अन् एक जागा अकोला जिल्ह्यातल्या सिरसोलीच्या सत्यपाल महाराजाले द्या. एकटा माणूस सात खंजिऱ्या वाजोते. मी पयल्यांदा पाह्यलं तवा मले राग आला होता, खरं सांगतो. म्हटलं ही काय सर्कस हाय. मंग हुंड्यावर बोलायले लागले, लोकं पोट धरून हासून राह्यले, अन् माह्या बाजूचा एक जन मधातच चूप झाला. त्याच्या घरी पोरीचं लग्न होतं. तवा समजलं. आता माह्या नातवाले एका खंजिरीत मजा येत नाई, त्याले सात पाह्यजे. एकीचे पैसे कोन देते ते इचारू नका.

रदीफ, मोर्शी

खंजिरीवाल्या काकांना नमस्कार.

सुरेश भटांबद्दल एक गोष्ट स्पष्ट करतो. भट कवी. चाली हृदयनाथांसारख्यांच्या, गळे लताबाई-आशाबाईंचे. ‘गाणारे-वाजवणारे’ ही तुमची चौकट काटेकोर पाळायची तर ते बाहेर राहतात. पण तुमच्या अटीत ते पहिल्या नंबरानं बसतात! १५ एप्रिल १९३२ चा जन्म, गाव अमरावती, लहानपणीच पोलिओ. ‘रूपगंधा’ १९६१ चा, ‘रंग माझा वेगळा’ १९७४ चा. पण माझ्या दृष्टीनं त्यांचं सगळ्यात परिणामकारक पुस्तक हे दोन्ही नाहीत. ती एक लहानशी पुस्तिका आहे, ‘गझलेची बाराखडी’. मतला (पहिला शेर) म्हणजे काय, रदीफ (शेवटी पुन्हा येणारा शब्द) कुठं येतो, काफिया (यमक) कसा जुळवायचा, हे सगळं शाळेच्या गणितासारखं समजावलेलं. नव्या कवींना ते ती फुकट पाठवायचे. आमच्या कॉलेजात एकाच्या हाती ती पडली. झेरॉक्सला पैसे नव्हते, तेव्हा आम्ही सहा जणांनी हातानं उतरवून घेतली. त्या सहांतला एक आज कृषी केंद्र चालवतो आणि खताच्या बिलाच्या पाठीमागं गझला लिहितो. वृत्तात पक्का आहे, उधारीत नाही.

आणि गाणाराच पाहिजे असेल तर भीमराव पांचाळे. आष्टगावचे, आमच्या जिल्ह्यातलेच. मराठी गझल ही एकट्या गझलेची मैफल लावून, तिकीट काढून ऐकायची गोष्ट आहे हे त्यांनी सिद्ध केलं. शेर दोनदा-तीनदा फिरवून म्हणतात, आणि काफिया येण्याआधी क्षणभर थांबतात. सभागृहातले लोक तो शब्द ओठांवर आणून बसलेले असतात. भावगीत ऐकणाऱ्या माणसाला गझल ऐकायची सवय लागली ती या थांबण्यातून.

माझं म्हणणं, दोघांना एकाच चौकटीत बसवा. लिहिणारा आणि गाणारा. पेंटरला दीड हजारच द्या.

खारपाण

पेंटरला विचारलं. तो म्हणाला, डोकी मोजून पैसे, चौकटी मोजून नाही.

पेटीमास्तर, वडसा

का जी, विदर्भ वर्धा नदीपाशीच संपते का? तुमच्या यादीत सगळे अमरावती-अकोल्याचे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हे चार जिल्हे राहिले ना बाहेर.

मी झाडीपट्टीत, म्हणजे याच भागातल्या नाटकांत, ऑर्गन वाजवतो. दिवाळी झाली की आमचा हंगाम सुरू होतो तो होळीपर्यंत. धान कापून झालेलं असतं, लोकांच्या हाती पैसा असतो, मंडई म्हणजे जत्रा भरते, बैलांच्या शर्यतीचा पट भरतो आणि रात्री नाटक. वडस्याला या, रस्त्यानं चाललात तर एकाला लागून एक नाटक मंडळ्यांचे बोर्ड दिसतील, जसे दुसऱ्या गावी वकिलांचे असतात. गेल्या हंगामात मी एकूण ऐंशी रात्री वाजवलं. नाटक दहाला सुरू म्हणतात, साडेअकराला होतं आणि कोंबडं आरवल्यावर संपतं. मग ट्रकात सामान, सामानावर आम्ही, आणि पुढचं गाव. उन्हाळ्यात मी तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे पानं गोळा होतात तिथं, मुनीम असतो. तेव्हा कोणी मला मास्तर म्हणत नाही.

मुंबई-पुण्याच्या नाटकात गाणं बंद झालं, आमच्याकडं नाही झालं. शेतकऱ्याच्या आत्महत्येचं नाटक असो की सासू-सुनेचं, नायक गातो, खलनायकही गातो, विनोदी नट तर गातोच गातो, आणि दोन प्रवेशांच्या मधात लावणी असते. साथीला ऑर्गन, तबला, ढोलक, आता ऑक्टोपॅड आला. पहाटे दोन-अडीचला दव पडतं. तबल्याचा सूर उतरतो, माझी बोटं आखडतात. तेव्हाच नेमकं करुण पद येतं. लोक घोंगडी पांघरून बसलेले असतात आणि एखादी म्हातारी पहिल्या रांगेतून नटीला ओरडून सांगते, ‘नको जाऊ वो बाई त्याच्यासंग!’ असा श्रोता तुमच्या नागपूरच्या वसंतराव देशपांडे हॉलात भेटणार नाही.

नाटक म्हणजे गावाचा पाहुणचार पण आहे. लेकी-जावई येतात, घरोघरी पाहुणे, सोयरीक इथंच जमते. माझीही तशीच जमली. मी वाजवत होतो आणि मुलीकडचे मला बघायला नाटकाला आले होते, हे मला तिसऱ्या अंकात समजलं. त्या अंकात मी दोन जागी चुकलो.

नाव द्यायचं तर परशुराम खुणे. कुरखेडा तालुक्यातले, २०२३ ला पद्मश्री मिळाली. ते नट आहेत असं म्हणाल. तर झाडीपट्टीत नटाला गाता आलं नाही तर लोक शेंगा खायला उठतात. आणि दंडार, खडी गंमत हे लोकनाट्याचे प्रकार, भामरागडकडची आदिवासींची रेला गाणी, यांना चेहरा कुठून आणणार? रेलात सगळे एकमेकांच्या कमरेत हात घालून गोल धरतात. मधात उभं राहून फोटो काढून घेणारा एक माणूसच नसतो तिथं.

धुमाल_भंडारा

काका लोक, जरा खालच्या आवाजात बोलून घेतो कारण दहा वाजून गेलेत 😄

धुमाल कोणीच कसं लिहिलं नाही? नागपूर, भंडारा, गोंदिया ते पार दुर्ग-रायपूरपर्यंत गणपती आणि देवीचं विसर्जन आमच्याशिवाय होत नाही. चारशेसात गाडी, तिच्यावर जनरेटर, भोंगे, बेंजो, पॅड, ढोल-ताशे आणि आम्ही बारा-चौदा पोरं. बेंजो म्हणजे ते बटणं दाबून वाजवायचं, आधी त्याला बुलबुलतरंग म्हणायचे, आमच्याकडं त्याला पिकअप लावून करंट दिलाय. पूर्ण गाणं त्याच्यावर, गायक लागतच नाही.

तुमची अट हीच ना की कोणी हातात वाद्य घेतलं का? आमच्या टोळीतल्या नऊ जणांनी बारावीच्या आत घेतलं. मी आयटीआय फिटर आहे, विचाराल तर सांगतो. आवाजाबद्दल बोलणारे बोलतात, त्यातलं निम्मं खरं आहे, माझा स्वतःचा उजवा कान कमी ऐकतो. पण चेहरा काढायचा म्हटलं तर आमच्यात एक कोणी नाही, गाडीच काढावी लागेल.

रॅपरसाठी माझं मत आहे. १०० आरबीएच. सौ आणि आरबीएच, म्हणजे सौरभ, हे ज्याला पहिल्या झटक्यात समजलं नाही त्यानं मत देऊ नये. पोरगा अमरावतीचा, आणि आपण घरी बोलतो तसंच बोलून रॅप करतो. आमच्या कॉलेजात मॅडम ‘मले-तुले’ म्हणलं की दुरुस्त करायच्या. आता पोरं मुद्दाम म्हणतात.

खारपाण

धुमालवाल्या भावा, शेवटचं वाक्य वाचून गाडगेबाबांवरचा खंजिरीवाल्या काकांचा मुद्दा आठवला. एका टोकाला १८७६ चा माणूस, दुसऱ्या टोकाला हा पोरगा, आणि भांडण बोलीचंच. कमिटीत हे बोललो तर सर हसले. पण नाही म्हणाले नाहीत.

इकडं आणखी एक झालं. आमच्या विहारात १४ एप्रिलच्या रात्री कव्वालीचा मुकाबला होतो, दोन पार्ट्या, पहाटेपर्यंत. तिथली मंडळी आली आणि म्हणाली, नागपूरचे कव्वाल नागोराव पाटणकर काढा, चेहऱ्याचे दीड हजार आम्ही भरतो. त्यांची कॅसेट आमच्या गावात चहाच्या टपरीवर मी लहानपणी रोज ऐकलेली आहे, पण माझ्या यादीत मात्र नाव आलं नव्हतं. लाज वाटली थोडी. आता मोजून नऊ झाले आणि जागा सहाच.

बाळापूरची

दोन दिवसापासून वाचून राह्यली. एकाही जवळ बाईमाणूस नाई. खंजिरी झाली, ऑर्गन झाला, गाडी झाली.

भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. म्हणजे आता बसते म्हणायचं, चार घरी बसते. आम्ही लहान होतो तवा गल्लीतल्या समद्या पोरी एका घरून दुसऱ्या घरी जायच्या. टिपऱ्या घेऊन गानं, अन् गानं झाल्यावर डब्यात खाऊ काय ते ओळखायचं. डबा वाजवून आवाजावरून ओळखायचा. शेंगदाणे येगळे वाजतेत, मुरमुरे येगळे. तुम्ही लोकं सुरा-तालाच्या गोष्टी सांगता, आमचा कान तेथं तयार झाला. माह्या आजीले पाह्यटीपर्यंत पुरतीन येवढी गानी येत होती. सासरचं गाऱ्हानं समदं त्याच्यात. तोंडानं बोलली असती तर मार खाल्ला असता, गान्यात म्हटलं तर समदे हासत.

आता ती गानी कोनी केली? कोनाचा चेहरा काढसान? आजीचा तर एक फोटो हाय, आधार कार्डावरचा, त्यात ती चोर दिसते.

खंजिरीवाला, तिवसा

माय, तुमचं बरोबर हाय. माह्या बापानं खंजिरी टांगली तवा घरात मायच गुणगुणत होती. मी ते लिहिलंच नाई वर.

खारपाण

काल कमिटी झाली. तीन तास. चहा दोनदा.

चेहरे ठरले ते असे: तुकडोजी महाराज, गाडगेबाबा, वसंतराव, सुरेश भट, नागोराव पाटणकर, परशुराम खुणे. पांचाळे आणि सत्यपाल महाराज पुढच्या वर्षी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, सरपंचानं शब्द दिलाय, शब्दाची किंमत तुम्हाला माहीत आहे. रॅपरवर पोरं आणि सर यांची तडजोड झाली की आतल्या दारावर स्टेन्सिलनं ‘१००’ एवढंच मारायचं. ज्याला समजेल त्याला समजेल. धुमालची गाडी पेंटरला फार आवडली, पण तो गाडीचे तीन हजार मागतो.

बाळापूरच्या ताई, तुमचा मुद्दा मी वाचून दाखवला. आमच्या बालवाडीच्या सेविकाबाई मागं बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, खालचे दोन फूट रिकामेच आहेत ना? तिथं तसाही दर वर्षी चुना मारावा लागतो. भादव्यात चुना मारायचा आणि पोरींनी त्यावर गेरूनं भुलाबाईची गाणी लिहायची. पावसाळ्यात गळून गेली की पुन्हा लिहायची. ठराव झाला. खर्च शून्य, त्यामुळं एकमतानं.

बाळापूरची

खालचीच जागा भेटली म्हणा आम्हाले. तेबी लोणा लागलेली.

गानी पाह्यजे असतीन तर मी लिहून पाठोतो. चाळीसेक तरी आठोतेत. पोरी किती हायेत तुमच्या गावात, अन् गेरू कोन देनार?

खारपाण

सव्वीस पोरी आहेत, सातवीपर्यंतच्या. गेरू मी देतो. एक राहिलंच. पेंटरनं मोबाइलवरून महाराजांचं चित्र घेतलंय, त्यात खंजिरी उजव्या हातात दिसते आणि थाप डाव्यानं. बरोबर आहे का? सोमवारी तो काम सुरू करतो.

खंजिरीवाला, तिवसा

मी तर डाव्यात धरतो अन् उजव्यानं वाजोतो, बापानं तशीच शिकोली. तुमच्या पेंटरचा फोटो उलटा झाला असन. त्याच फोटोत सदऱ्याच्या गुंड्या पाहा कोन्या बाजूनं हायेत. सोमवारच्या आत फोन करा त्याले, काढून झाल्यावर खोडता येत नाई.